स्टेनोसिस: बसले की ठणठणीत, चालायला लागले की पाय जड. तुम्ही कसं निभावताय?

दुपारची_सावली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ६१. तीन वर्षं झाली, कंबर आणि दोन्ही पाय. एमआरआयमध्ये लंबर कॅनाल स्टेनोसिस आलंय, एल४-एल५ ला (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) जास्त आणि त्याच्या वरच्या लेव्हलला थोडं. डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यातला नसांचा बोगदा वयानुसार अरुंद झालाय, गादी फुगलीय, आतला लिगामेंट जाड झालाय, ऑपरेशनची घाई नाही, आधी व्यायाम आणि गोळ्या. ते सगळं चालूच आहे.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. मी खुर्चीत बसलेली असते तेव्हा मला काहीही होत नाही. म्हणजे अगदी काही नाही! हसते, बोलते, तासभर गप्पा मारते. आणि उठून चालायला लागले की पाच-सात मिनिटांत मांड्या, पोटऱ्या भरून येतात, पाय लाकडाचे होतात, कुठेतरी टेकावंच लागतं. टेकलं की दोन मिनिटांत परत ठीक. त्यामुळे घरच्यांना वाटतं की हिला चालायचा कंटाळा आहे. परवा लेक म्हणाली, "आई, आत्ता तर बरी होतीस." काय सांगू तिला? मलाच कधीकधी वाटतं मी नाटक करतेय का.

सकाळी चालायला जाते तर दम धरून, दात-ओठ खात ठरलेला पल्ला पूर्ण करते आणि मग दोन दिवस आडवी. थांबले तर पाय कायमचे जातील अशी भीती वाटते. हे असंच रेटायचं असतं का? ज्यांना आहे त्यांनी रोजचं कसं बसवलंय ते सांगा प्लीज.

खांबमोज्या:
ताई, नाटक अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय ते स्टेनोसिसचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. ताठ उभं राहिलं, मागे झुकलं की तो बोगदा अजून आवळतो आणि पुढे वाकलं किंवा बसलं की थोडा मोकळा होतो, म्हणून बसल्यावर बरं वाटतं. लेकीला एक गंमत दाखवा, सुपरमार्केटमधली ढकलगाडी धरून चाला, पुढे रेलून तुम्ही दुप्पट चालाल. मला चालवत नाही पण सायकल अर्धा तास आरामात चालवतो, आता हे बायकोला कसं पटायचं? फिजिओथेरपिस्टने तिला समोर बसवून समजावलं तेव्हा पटलं. चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो तेही यामुळेच, उतरताना माणूस मागे झुकतो.

आता मुद्द्याचं. रेटू नका. मी वर्षभर तुमच्यासारखंच केलं, रिटायर झालेला माणूस, हट्टी, ठरवलं म्हणजे तलावाला फेरी झालीच पाहिजे. मग फिजिओने एक काम दिलं, दुखायला किती वेळात लागतं ते आठ दिवस नुसतं लिहून काढा. माझं निघालं सहा मिनिटं. तर म्हणाली चौथ्या मिनिटाला बसायचं, दुखो न दुखो. मी रस्त्याच्या दिव्यांचे खांब मोजले, अकराव्या खांबापाशी दुखणं सुरू व्हायचं, म्हणून आठव्यापाशीच जे काही मिळेल त्यावर टेकायचं, कठडा, पायरी, कुणाची तरी स्कूटर. पहिले काही दिवस लाज वाटली, धडधाकट माणूस काय सारखा बसतोय. पण दुखणं पेटायच्या आधी बसलं की एक मिनिटात उठता येतं, पेटल्यावर बसलं की पंधरा मिनिटं जातात, हा सगळा हिशेब आहे. आज दिवसाचं एकूण चालणं पूर्वीपेक्षा जास्त होतंय, फक्त तुकड्यातुकड्यांत. आणि दोन दिवस आडवं पडणं बंद झालं हे महत्त्वाचं.

योगप्रेमी_७७:
रोज भुजंगासन करा, कंबरेला रामबाण. माझा स्लिप डिस्कचा त्रास त्यानेच गेला.

खांबमोज्या:
@योगप्रेमी दादा, राग मानू नका पण स्लिप डिस्क आणि स्टेनोसिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्कवाल्यांना मागे वाकायचे व्यायाम बऱ्याचदा देतात, स्टेनोसिसवाल्यांना बहुतेक वेळा त्याच्या उलटे, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पोट आवळून कंबर जमिनीला टेकवणं वगैरे. मी आगाऊपणा करून भुजंगासन केलं होतं, आठवडाभर पायात मुंग्या. ताई, कुणाचंही ऐकून करू नका, माझंसुद्धा नाही, स्वतःच्या फिजिओला विचारा.

योगप्रेमी_७७:
ओके, हे माहीत नव्हतं.

मुलगा_नंबर_दोन:
बाबांचा अनुभव लिहितो. ७० व्या वर्षी ऑपरेशन झालं, मागचं हाड थोडं काढून नसांना जागा करतात ते, लॅमिनेक्टॉमी. त्याआधी दोन इंजेक्शनं झाली मणक्यात स्टिरॉइडची, पहिल्याने तीन महिने छान गेले, दुसऱ्याने जेमतेम दोन आठवडे. (डायबेटिस असेल तर आधी सांगा, बाबांची शुगर त्यानंतर काही दिवस चढलेली होती.) सर्जनने आधीच स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन पायांसाठी आहे, कंबरेसाठी नाही. आणि झालंही तसंच, पायातला जडपणा गेला, बाबा आता बाजारात फिरून येतात, पण कंबर सकाळी आखडतेच आणि तळव्याचा सुन्नपणा तर अजून आहे. ते आधी माहीत होतं म्हणून चिडचिड झाली नाही, नाहीतर आम्ही ऑपरेशन फसलं असंच म्हटलं असतं.

रिपोर्ट बघून घाबरू नका हेही सांगायचं होतं. साठीनंतर कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये बोगदा अरुंद दिसतो आणि त्यांना काहीच त्रास नसतो. रिपोर्टमध्ये 'सिव्हिअर' असलं तरी माणूस चालत असतो आणि 'माइल्ड'वाला बसलेला असतो.

वॉर्डातली_ताई:
नर्स आहे म्हणून फक्त दोन-तीन गोष्टी. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही नव्याने झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी इमर्जन्सीत जायचं. तुमची जी भीती आहे ना पाय कायमचे जाण्याची, ती या गोष्टींसाठी राखून ठेवा, चालताना मध्ये टेकण्यासाठी नको.

दुसरं, पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या अशाच भरून येतात. फरक असा की त्यात नुसतं उभं राहिलं तरी थांबतं, स्टेनोसिसमध्ये बसावं किंवा वाकावं लागतं. डॉक्टरांनी पावलाची नाडी बघितली नसेल तर पुढच्या वेळी बघायला सांगा, खासकरून शुगर किंवा सिगारेट असेल तर. आणि प्रेगॅबालिन किंवा गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याच्या गोळ्या) चालू असेल तर गुंगी आली म्हणून स्वतःच एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. साध्या पेनकिलरही रोज मनाने घ्यायच्या नाहीत, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतं.

दुपारची_सावली:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, डोळ्यात पाणी आलं. प्रेगॅबालिनच चालू आहे, दुपारी डोळे मिटतात, विचारते आता. पावलाची नाडी कुणी बघितल्याचं आठवत नाही. खांबमोज्या दादा, लेकीला तुमचं पोस्ट वाचायला दिलं. काही बोलली नाही, पण संध्याकाळी माझ्याबरोबर खाली आली आणि घड्याळ लावून चालली. पाच मिनिटं वीस सेकंद. म्हणजे मी साडेतीनला बसायचं का?

एकच राहिलं, सिंकपाशी भांडी घासायला उभी राहिले की चालण्यापेक्षाही लवकर सुरू होतं. त्याला काय करता?

खांबमोज्या:
साडेतीन बरोबर. सिंकपाशी एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवायचा, कंबर आपोआप थोडी पुढे वाकते, दर दोन मिनिटांनी पाय बदलायचा. स्टूल नसेल तर सिंकखालचं कपाट उघडून त्याच्या तळावर ठेवा, मी तेच करतो.

दुपारची_सावली:
आत्ता करून बघितलं. कपाटात डबे ठासून भरलेत, पाय ठेवायला जागाच नव्हती, एका बाजूचे काढून टाकले. अर्धी भांडी झाली तरी पाय गप्प आहेत.

मुलगा_नंबर_दोन:
उरलेली अर्धी लेकीला द्या 😄