हौशी ऑडिओवाल्यांसाठी छापील त्रैमासिक: पैसे कुठून यायचे?

डबा_स्पीकर (राजारामपुरी): घरी अँप्लिफायर-स्पीकर बांधणाऱ्यांसाठी मराठी त्रैमासिक काढायचं असं आपल्या ग्रुपवर घाटतंय. माझा विरोध. ऑफसेटला प्लेटा आणि मशीन लावणीचा खर्च ३०० प्रती काढा नाहीतर ३०००, तेवढाच. आपले वाचक ३०० च्या आसपास, म्हणजे सगळा भार त्यांच्यावर. स्टॉलवर ठेवलं तर विक्रेता कमिशन कापणार आणि न खपलेला गठ्ठा परत देणार. आगाऊ घेतलेली वार्षिक वर्गणी ही तर कमाई नाहीच, देणं आहे. दुसऱ्या अंकाला दमलो तर पैसे परत कोण करणार? अमेरिकेत एडवर्ड डेल यांनी १९७० मध्ये ‘ऑडिओ अ‍ॅमॅच्युअर’ सुरू केलं, पुढं ‘स्पीकर बिल्डर’ आणि ‘ग्लास ऑडिओ’. इंग्रजी वाचक हाताशी असून शेवटी तिन्ही एकात घालून ‘ऑडिओएक्सप्रेस’ करावं लागलं.

उद्यमनगरवाला: भावा, पण ती तीस वर्षं चालली की! आपल्याला तीन चालली तरी बास. पीसीबीचं, म्हणजे सर्किटच्या तांब्याच्या रेघा असलेल्या बोर्डाचं, चित्र एकास एक मापात छापलं की थेट बोर्डावर उतरवता येतं, मोबाईलवर कसं करणार? ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाले, कॅबिनेटवाले सुतार जाहिराती देतील.

डबा_स्पीकर: त्या एका पानासाठी पीडीएफची प्रिंट काढा, दहा रुपयांत काम.

व्हॉल्व्हवेडा: पीडीएफ एकानं विकत घेतली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे तिथंही पैसा नाही. पण जाहिरातींची मला जास्त भीती. ज्यानं पान घेतलं त्याचाच ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असेल तर तसं लिहाल का? अमेरिकेतले ऑडिओ-परीक्षक जे. गॉर्डन होल्ट यांनी जाहिरातदारांच्या याच जाचाला कंटाळून १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक काढलं. परखड होतं, पण अंक वेळेवर निघेल तर शपथ.

वाचनवेडी_शाहूपुरी: त्रैमासिक कशाला? दिवाळी अंक काढा. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये पाडलेला रिवाज अजून टिकलाय, कारण दिवाळीत दुकानदार शुभेच्छांची जाहिरात देतोच. त्याला परीक्षण नको असतं, फक्त नाव छापून हवं असतं. एकदाच प्लेटा, एकदाच टपाल, वर्गणीचं ओझं नाही.

डबा_स्पीकर: ही गोष्ट मात्र पटण्यासारखी. पण शुभेच्छांचे पैसे दिवाळीनंतर मागायला गेलं की मालक कधी गादीवर नसतातच. वसुलीला कोण जाणार ते आधी ठरवा, मग मुखपृष्ठाचं बोलू.

उद्यमनगरवाला: वसुली मी करतो. प्रूफं तुम्ही वाचायची.