परवाना न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर साताऱ्याच्या चढावर चालेल का?

सदरबझारकर:
आईने वाहन परवाना कधी काढला नाही आणि आता एकसष्टाव्या वर्षी तिला तो काढायचाही नाही. सदरबझारातून राजवाड्यापर्यंत भाजी, बँक, वाचनालय असा तिचा फेरा रोज रिक्षाने होतो. तिच्यासाठी ताशी 25 किलोमीटरच्या आतली स्कूटर घ्यावी असे मनात आहे, परंतु जाताना चढ लागतो. त्यात दुकानदार सांगतो की एक वायर काढली की हीच गाडी 45 ने पळते. हे कायद्यात बसते का?

कलमबहाद्दर:
बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारी ताकद) 250 वॉटपेक्षा आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असल्याचे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तरच अशी गाडी मोटार वाहन मानली जात नाही आणि नोंदणी, परवाना लागत नाही. वायर काढली की ही सूट गेली; मग आई नोंदणी नसलेली गाडी विनापरवाना चालवत असतील. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि त्यावरील मॉडेलचे नाव गाडीशी जुळवून पाहा. सक्तीचा विमा नसल्यामुळे कोणाला धक्का लागला तर भरपाई आपल्याच खिशातून जाते, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

मिरजेचा पूल:
मला वेगापेक्षा चढाची काळजी वाटते. गाडी, स्वार आणि पिशव्या मिळून 140 किलो वजन धरले आणि दहा मीटरला एक मीटर असा चढ असला, तर 250 वॉटमध्ये ताशी जेमतेम साडेसहा किलोमीटर वेग मिळतो. मोटर थोडा वेळ जास्त जोर लावते, पण चढ लांबला की तापते. माझ्या गाडीत शिसे-आम्लाच्या पाच बॅटऱ्या आहेत. 60 व्होल्ट, 28 अँपिअर-तास, म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण 1.7 युनिट वीज. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या उन्हाळ्यापासून सपाट रस्त्यावर चार्जच्या तीन काड्या दाखवणारा दर्शक पुलावर चढताच एका काडीवर येतो आणि उतारावर पुन्हा तीन दाखवतो. किंमत जास्त पडली तरी लिथियम फॉस्फेटचीच बॅटरी घ्या, आणि ती काढून घरात नेता येते का हे आधी पाहा.

सदरबझारकर:
दोघांचेही आभार. काल आईला घेऊन चढावर गाडी चालवून पाहिली. वरच्या वळणावर एक शाळकरी मुलगा सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला. आईला त्याचे काहीच वाटले नाही. तिची अडचण निराळीच निघाली: बॅटऱ्यांच्या वजनामुळे गाडी मधल्या स्टँडवर तिला चढवताच येईना. तेव्हा हलकी, लिथियमचीच घ्यायची असे ठरले आहे. प्रमाणपत्र मागितल्यावर दुकानदाराने "उद्या देतो" असे सांगितले आहे. ते हातात येईपर्यंत रिक्षाच चालू ठेवतो.