कुंडीतल्या कोरफडीला फूल येण्यासाठी काय करावं?

गॅलरीतली_बाग (चिंचवड)
आमच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत कोरफडीची मोठी कुंडी आहे. आईच्या परसातलं पिल्लू आणून लावलं होतं, त्याला तीन-चार वर्षं तरी झाली असतील. पानं हातभर लांब आणि गरानं भरलेली. पिल्लं इतकी झालीत की कुंडीत माती दिसत नाही. पण फूल एकदाही आलेलं नाही. गेल्या माघात सासवडला भावाकडे गेले, तर त्याच्या कुंपणालगतच्या कोरफडीला कमरेएवढा दांडा आणि त्यावर पिवळ्या फुलांचा तुरा! ते रोपही आईकडचंच. तेव्हापासून मनात घेतलंय की आपल्याकडेही फुलवायचीच.

पाणी रोज थोडं घालते. रविवारी केसांसाठी एक-दोन पानं काढते. नर्सरीतून फुलांसाठीचं म्हणून द्रवखत आणलं, त्यानं पानंच आणखी फोफावली. शेजारच्या आजी सांगतात की कोरफड फुलली की मरते. हे खरं आहे का? जाणकारांनी सांगावं.

ठाणेकर_कुंडी
थेट ऊन किती तास मिळतं? उजेड वेगळा आणि ऊन वेगळं, म्हणून विचारतेय.

गॅलरीतली_बाग
थंडीत दहापासून तीनपर्यंत ऊन येतं, पण ते कठड्याजवळ. कुंडी आत भिंतीला टेकून आहे आणि पुढे कपड्यांची दोरी. मे महिन्यात तर गॅलरीत ऊन येतच नाही.

माळरान
ताई, झाड उत्तम आहे. भावाकडचंही तेच आहे, म्हणजे वाणात काही खोट नाही. फरक जागेचा आणि पाण्याचा.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे कोरफड बांधावर वाढते, तिला ना कुणी खत घालत ना पाणी. पावसाळ्यात पानं फुगतात. दिवाळीनंतर पाऊस सरतो, माती सुकते, रात्री गार पडायला लागतं आणि पौष-माघात पानांमधून दांडा वर येतो. खालच्या कळ्या आधी उमलतात, मग वरवर. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि दरवर्षी तेवढाच आनंद होतो. त्या झाडांना जे मिळतं तेच तुमच्या कुंडीला द्यायचं: कोरडी थंडी आणि भरपूर ऊन. थंडी चिंचवडला आहेच, जानेवारीत रात्रीचा पारा १२ अंशांखाली सहज उतरतो. बाकीचं तुमच्या हातात आहे.

आधी ऊन. दक्षिणेची गॅलरी मिळाली हे फार चांगलं झालं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन गॅलरीत आत शिरतं. मे महिन्याच्या मध्यानंतर तोच सूर्य माथ्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून तेव्हा तुमच्याकडे सावली. म्हणजे फुलण्याच्या मोसमातच तुम्हाला सगळ्यात जास्त ऊन आहे, फक्त कुंडी त्यात नाही. दसऱ्यानंतर ती कठड्याजवळ आणा, पण एकदम नको. आठवडाभर थोडी थोडी पुढे सरकवा, नाहीतर सावलीत वाढलेली पानं लालसर-तपकिरी पडतात. दोरी दुसरीकडे बांधा.

मग पाणी. रोजचं पाणी आजच बंद करा. ही मूळची अरबस्तानातल्या रखरखीत डोंगरांमधली वनस्पती. हिच्या पानांची रंध्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात, त्यामुळे पाणी उडून जात नाही. पान म्हणजे तिची पाण्याची टाकीच. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत माती बोटभर खोल खडखडीत वाळल्याशिवाय पाणी घालू नका, आणि घालाल तेव्हा कुंडीच्या बुडातून वाहून जाईपर्यंत घाला. खाली ताटली ठेवत असाल तर काढून टाका.

खताचं म्हणाल तर नत्र जास्त झालं की पानं सुटतात, ते तुम्हाला दिसलंच आहे. पाऊस संपल्यावर मूठभर जुनं, चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. कुंडी मातीचीच घ्या. निम्मी लाल माती आणि निम्मी जाड वाळू, त्यात विटांचे बारीक तुकडे. कोकोपीट ओल धरून ठेवतं, मी कोरफडीत ते घालत नाही.

आणि पानं. मला तर ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. दांडा वर काढायचा म्हणजे साठवलेलं खर्च करायचं, आणि तो साठा पानांतच असतो. दर रविवारी तुम्ही तोच काढून घेता. पिल्लं सोडवून वेगळ्या कुंडीत लावा, केसांसाठी त्यांची पानं वापरा. आईझाडाला थंडी संपेपर्यंत हात लावू नका.

आजींची भीती घायपातीची आहे. घायपात, ज्याला काही जण केकताड म्हणतात, अनेक वर्षांनी एकदाच फुलते आणि मग खरंच वाळून जाते. दोघींची पानं वरवर पाहता सारखी, म्हणून गल्लत होते. कोरफड जगते आणि पुढल्या वर्षी पुन्हा फुलते.

परसबाग_रत्नागिरी
माळरानदादांनी छान सांगितलंय. आमच्या कोकणात अडचण पावसाची. जूनपासून कुंडी पागोळीच्या आत घ्यावी लागते, नाहीतर बुंधा सडतो. शिवाय झाड जाणतं झालंय का हेही बघा. लहान रोपाची पानं समोरासमोर दोन रांगांत येतात, वहीच्या पानांसारखी. जाणत्या झाडाची पानं चहूबाजूंनी गोल फिरलेली असतात. दोन रांगांत असतील तर अजून थांबावं लागेल, कितीही ऊन दिलं तरी.

गॅलरीतली_बाग
आत्ताच बघून आले, पानं गोल फिरलेली आहेत! सगळ्यांचे मनापासून आभार. कुंडी आजच थोडी पुढे घेतली, पिल्लं येत्या रविवारी सोडवते. अजून एक विचारू? फूल आलं तर बी धरेल का? नात विचारतेय, तिला बी पेरून बघायचंय.

ठाणेकर_कुंडी
ज्यांच्याकडे ऊनच येत नाही त्यांच्यासाठी: हॉवर्थिया लावा. कोरफडीच्याच कुळातली, वाटीएवढी, आणि उजेडाच्या खिडकीतही बारीक दांड्यावर पांढरी फुलं देते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

माळरान
ताई, बी धरणं अवघड आहे. कोरफडीला स्वतःच्याच परागानं सहसा फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तुमचं आणि भावाचं झाड एकाच आईझाडाची पिल्लं, म्हणजे रक्तानं एकच, त्यामुळे ती दोन शेजारी ठेवूनही उपयोग नाही. नातीसाठी वेगळ्या गावाहून, वेगळ्या कुणाकडून एक रोप मिळवा. दोन्ही एकाच वेळी फुलली तर मऊ कुंचल्यानं एकाचा पराग दुसऱ्याला लावता येतो. तिला स्वतःच्या हातानं करू द्या.

फुलं आली की शिंजीर मधासाठी येतील. दांडा ग्रीलच्या बाहेर झुकला तर झुकू द्या, फक्त कुंडी वजनदार हवी, नाहीतर वाऱ्यानं कलंडते. फुलं गळल्यावर दांडा पूर्ण वाळेपर्यंत थांबा आणि मगच बुडाशी धारदार सुरीनं कापा. हिरवा असताना ओढून काढलात तर पानांच्या बेचक्यात जखम होते आणि तिथून सड लागते.