मदत हवी आहे: स्क्रॅपबुक शेअर करायला शिकवणारा व्हिडिओ

मंडळी, आमच्या भिशीतल्या काकू-मावश्यांसाठी छोटा व्हिडिओ करतेय: कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपमध्ये बनवलेली स्क्रॅपबुक इतरांना कशी पाठवायची. पानं त्या झकास सजवतात, पण स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि बारीक अक्षरं पार पुसट होतात. पीडीएफ करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की दर्जा टिकतो, एवढं दाखवून झालंय. घोडं अडलंय कॅनव्हातून पाठवायच्या लिंकपाशी. 'फक्त पाहता येईल' आणि 'बदल करता येतील' यांतला फरक त्यांना कसा समजवावा? नाहीतर कुणीतरी नातवाचा फोटोच उडवायचं! शिवाय अँड्रॉइडच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये बोट टेकल्याचा ठिपका फार फिकट दिसतो. तो ठळक करायला फुकटातलं एखादं अ‍ॅप सुचवाल का? आणि आवाज नंतर भरू की बोलतच रेकॉर्ड करू?