मदत हवी आहे: सोसायटीच्या डांबरी रस्त्यावर सरसकट नवा थर टाकावा की दुरुस्ती पुरेल?

तिसरा_मजला:
पुण्यातल्या सोसायटीचा आतला रस्ता. लांबी १४० मीटर, रुंदी साडेपाच. डांबरीकरण २०१५ मधलं. रोजची वाहतूक हलकी, पण उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात.

गेटकडचा भाग करडा पडलाय, बारीक खडी सुटते, ३-४ मिमी रुंदीच्या लांब भेगा आहेत. भूमिगत टाकीपाशी साधारण ४ बाय ३ मीटरमध्ये जाळीदार भेगा आहेत आणि टँकर उभा राहिला की तिथे रस्ता दबतो. शिवाय तीन खड्डे. मे महिन्यात भरले होते, जुलैत पुन्हा उघडे.

ठेकेदार म्हणतो, "सगळीकडे २५ मिमीचं कार्पेट मारून देतो, पाच वर्षं बघायला नको." ऐकावं का?

खडी_आणि_कच:
आत्ता तरी नको. तुमच्या रस्त्याचे तीन आजार वेगळे आहेत आणि ठेकेदार तिघांना एकच गोळी देतोय.

टाकीपाशी जाळीदार भेगा आणि दबणं, म्हणजे खालचा खडीचा थर ओला होऊन बसलाय. त्यावर २५ मिमी टाका, नाहीतर ५० टाका, एक-दोन पावसाळ्यांत तीच जाळी वर उमटेल. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: टाकीचा ओव्हरफ्लो, गळका व्हॉल्व्ह, तुंबलेलं गटार. गळती बंद झाल्याशिवाय डांबराला हात लावू नका.

मग तो तुकडा पूर्ण काढा. बाहेरून शाबूत दिसणारा ३० सेमी पट्टाही धरा. घट्ट माती लागेल तिथपर्यंत खणून ओला मुरूम फेकून द्या. मिश्र खडीचा थर दोन टप्प्यांत, प्रत्येकी १०० मिमी, पाणी मारून रोलरने दाबा. वर प्राइम कोट, म्हणजे खडीत मुरणारा पातळ हात: एसएस-१ इमल्शन (पाण्यात मिसळलेलं, सावकाश घट्ट होणारं डांबर), चौरस मीटरला ०.७ ते १ किलो. ते मुरायला एक दिवस द्या, मग हॉटमिक्स, म्हणजे डांबर-खडीचा गरम माल.

करडा पडलेला भाग त्यामानाने सोपा. हवा आणि उन्हाने वरचं डांबर कडक झालंय, म्हणून खडी सुटते. आधी ३ मिमीपेक्षा मोठ्या भेगा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, रबर मिसळलेलं गरम डांबर ओता, वर कच भुरभुरा, म्हणजे टायरला चिकटणार नाही. केसाएवढ्या भेगांना फॉग सील, म्हणजे पातळ इमल्शनचा फवारा, पुरतं: एसएस-१ मध्ये तेवढंच स्वच्छ पाणी. इमल्शनमध्ये पाणी हळूहळू ओता, उलटं केलं तर गुठळ्या होतात. हे मिश्रण चौरस मीटरला अर्ध्या लिटरपासून सुरू करा. तुमचं क्षेत्र ७७० चौरस मीटर, म्हणजे सगळीकडे मारलं तरी इमल्शनचं २०० लिटरचं एक पिंप जवळपास पुरेल. तपकिरी रंग काळा होऊन पूर्ण वाळेपर्यंत गाड्या बंद.

उताराची_बाजू:
फॉग सीलबाबत एक अट. रस्ता आधीच गुळगुळीत असेल तर मारू नका, पावसात दुचाक्या घसरतील. खडी सुटून खरबरीत झालेल्या भागापुरतंच ठेवा. आणि डिझेल सांडतं त्या जागी, म्हणजे जनरेटरजवळ, डांबराचा आग्रहच सोडा. डिझेल डांबर विरघळवतं. तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक.

रोलर_चालू_आहे:
खड्डे जुलैत का उघडले, तर बहुधा चिखलातच माल ओतून फावड्याने थापला असेल. रीत अशी: कटरने चौकोन मारा, कडा सरळ उभ्या. निरुंद होत गेलेल्या कडेला माल पातळ पडतो आणि तिथूनच उखडतो. आतला सगळा सैल माल काढा, कोरडं करा. तळाला आणि चारही उभ्या कडांना टॅक कोट, म्हणजे नवा माल चिकटवणारा हात: आरएस-१ (लवकर घट्ट होणारं) इमल्शन, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. थारोळं साचू देऊ नका, नाहीतर वरचा माल सरकतो. इमल्शन काळं पडलं की माल भरा, एका वेळी ५० मिमीपर्यंत, आणि कडेकडून मध्याकडे दाबा. शेवटी भोवतालच्या रस्त्यापेक्षा ५ मिमी उंच ठेवा, वाहतुकीने बसतं.

व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा हॉटमिक्स पसरताना १४० अंशांच्या खाली नको आणि तो ९० अंशांखाली जाण्याआधी रोलिंग आटपलेलं हवं. थोडा माल भराभर थंड होतो, म्हणून सगळे तुकडे आधी कापून, साफ करून ठेवा, मगच गाडी बोलवा. ताडपत्री न घातलेली गाडी परत पाठवा.

तिसरा_मजला:
आभार. पाऊस थांबेपर्यंत खड्ड्यांचं काय? आणि पुढे थर टाकलाच तर ठेकेदाराचं माप कसं तपासायचं?

रोलर_चालू_आहे:
तोवर पिशवीतला कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता भरायचा डांबर-खडीचा माल. २५ किलोची पिशवी ५० मिमी जाडीला साधारण पाव चौरस मीटर भरते. साचलेलं पाणी उपसून, दाबून भरा. कायमचं काम नोव्हेंबरनंतर, रस्ता आतून सुकल्यावर.

खडी_आणि_कच:
माप टनात बघा. दाबलेला माल घनमीटरला साधारण २.३५ टन. तुमच्या ७७० चौरस मीटरला २५ मिमी म्हणजे ४५ टन, ४० मिमी म्हणजे ७२ टन. दर गाडीची वजनकाट्याची पावती मागा. "२५ मिमी" पसरताना आहे की दाबल्यावर, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. बहुतेक वाद इथेच होतात.

थर टाकण्याआधी चेंबरची झाकणं उचलून घ्या आणि पार्किंगच्या उंबऱ्यांची पातळी बघा. रस्ता वर गेला की पाणी पार्किंगमध्ये शिरतं. मध्यापासून कडेला मीटरमागे २५ मिमी उतार हवा. कोरड्या दिवशी टँकरभर पाणी सोडा, जिथे थांबेल तिथे खडूने गोल करा आणि ठेकेदाराला तेच गोल दाखवा.

उताराची_बाजू:
आणि हमीरक्कम एक पावसाळा संपेपर्यंत अडवून ठेवा.