कम्प्रेसर, रिव्हर्बची बटणं फिरवते, पण ऐकायचं नेमकं काय?

मंद्रसप्तक:
सहा महिने झाले, घरीच गाणी रेकॉर्ड करतेय. कम्प्रेसरचा (जोरातला आवाज दाबणाऱ्या इफेक्टचा) 'व्होकल' नावाचा तयार प्रीसेट लावला की आवाज एकदम भरदार वाटतो, म्हणून ठेवून देते. दुसऱ्या दिवशी ऐकलं की गाणं सपाट, आणि दोन ओळींमधले श्वास मात्र ठसठशीत. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावला की शब्द विहिरीत पडल्यासारखे वाटतात. थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं), रेशो (किती दाबायचं), अटॅक (दाब किती लवकर बसतो), रिलीज (किती लवकर सुटतो) यांच्या व्याख्या पाठ आहेत. बटण फिरवल्यावर कान कुठे लावायचा, ते कुणी सांगाल का?

अनाहत:
ताई, आधी तो 'भरदार' तपासा. प्रीसेटमधला मेकअप गेन (दाबल्यानंतर सगळा आवाज उचलणारं बटण) आवाज तीन-चार डेसिबलने वर नेतो, आणि जे मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. इफेक्ट चालू-बंद करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. माझा निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटला होता.

श्वासांचं कारणही तिथंच आहे. कम्प्रेसर जोरातले स्वर दाबतो, मग मेकअप गेन सगळंच उचलतो. रिलीज जलद असेल तर ओळ संपताच दाब सुटतो आणि श्वास पूर्ण उंचीवर येतो.

आता कान तयार करायला मुद्दाम अति करा. तबल्याचा ट्रॅक घ्या, किनारीवरचा 'ना' असलेला. रेशो १०:१, आणि थ्रेशोल्ड इतका खाली आणा की काटा १२ डेसिबल तरी दाब दाखवेल. मग फक्त अटॅक फिरवा, बाकी कशाला हात लावू नका. १ मिलिसेकंदाला 'ना'चा टणका जातो, बोट उशीवर आपटल्यासारखं ऐकू येतं. ३० ला तोच टणका दाबाच्या आधी निसटतो आणि दाबली जाते फक्त मागची आस (लांबत जाणारा नाद), त्यामुळे बोल उलट धारदार होतो. मी वर्षभर सगळीकडे अटॅक जलद ठेवत होतो आणि बोल बोथट का येतात म्हणून माइक बदलत होतो.

मग रिलीज. ५० ला आस मागून उसळते. ८०० ला पुढचा बोल येतो तेव्हाही आधीचा दाब सुटलेला नसतो, सगळा ठेका बसका होतो. एकदा हे कानात बसलं की गळ्यावर या: रेशो ३:१, दाब तीन-चार डेसिबल. ३:१ म्हणजे थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला स्वर २ डेसिबलच वर राहतो.

पडसाद:
विहिरीबद्दल. रिव्हर्बमध्ये प्री-डिले नावाचं बटण असतं, घुमारा शब्दानंतर किती उशिरा सुरू व्हावा ते ठरवणारं; बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. ते शून्यावर असलं की शब्द आणि त्याचा घुमारा एकदमच सुरू होतात आणि व्यंजन बुडतं. ३० मिलिसेकंद ठेवून बघा. तेवढ्या वेळात आवाज हवेत साधारण दहा मीटर जातो. म्हणजे गाणारी व्यक्ती समोर उभी आणि भिंत लांब, असं कानाला वाटतं. शिवाय रिव्हर्ब सेंडवर (मूळ गळ्यापासून वेगळ्या वाटेवर) घ्या आणि फक्त रिव्हर्बवर २५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. गळ्याला धक्का लागत नाही आणि घुमाऱ्यातला चिखल जातो.

मंद्रसप्तक:
दोन संध्याकाळी हेच करत बसले. पातळी सारखी केल्यावर तो लाडका प्रीसेट मूळ आवाजापेक्षा वाईट निघाला! अटॅक २ वर होता, माझे 'त' आणि 'क' सगळे गिळलेले. २० वर नेला तर 'तुझ्या'तला 'त' जिभेवरून सुटताना ऐकू आला. प्री-डिलेनेही शब्द वर आले. संथ गाण्यात मात्र ३० जास्त वाटतं की कमी, ते अजून ठरत नाहीये.

पडसाद:
आकडा लयीवरून काढा. ९० च्या लयीत (मिनिटाला ९० मात्रा) एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा सोळावा भाग साधारण ४२. तिथून सुरू करा आणि शब्दापासून घुमारा तुटल्यासारखा वाटला की मागे या.