तुतीच्या धनुष्याला पोटाकडून सुरकुत्या, मदत हवी आहे

एकसंध तुतीचं धनुष्य, लांबी 66 इंच, मुठीजवळ रुंदी पावणेदोन इंच, टोकांना अर्धा. 28 इंच दोरी ओढायला 45 पौंड जोर लागेल असं हवंय. ओंडका उभा फाडून, टोकांना सरस फासून वर्षभर सावलीत वाळवलाय. साल आणि पांढरं लाकूड काढून पाठीला (लक्ष्याकडच्या बाजूला) पिवळ्या गाभ्याचं एकच अखंड वाढीचं वलय ठेवलंय, गाठींपाशी थोडं उंच.

22 इंच ओढीपर्यंत वाक सारखा होता. आता खालच्या बाहूवर (मुठीखालच्या अर्ध्या भागावर), मुठीपासून 7 इंचांवर, पोटाला (तिरंदाजाकडच्या बाजूला) आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात आणि दोरी उतरवली तरी तो बाहू इंचभर वाकलेलाच राहतो. पाठ शाबूत आहे. म्हणजे लाकूड ताणाने तुटत नाही, दाबाने चेपतंय. तिथे कानस जास्त चालली असणार. शिवाय मीटर ओल 13 टक्के दाखवतो, 9-10 हवी होती. पावसाळ्यात काम काढलं की हे आलंच.

आता सुरकुत्यांच्या दोन्ही बाजूंचं लाकूड उतरवून वाक पसरवावा आणि 35 पौंडांवर समाधान मानावं का? की आधी ओल उतरवून हीट गनने पोट शेकावं? शेकल्याने चेपलेले तंतू सांधत नाहीत हे माहीत आहे. प्रश्न उरलेल्या लाकडाचा आहे. तुतीवर हे कोणी केलं असेल तर हीट गन किती अंतरावर आणि किती वेळ धरली, तेही सांगा.